पशुपतीकडे मागितलेला उशीर

आमच्या व्यवस्थापकांनी मला केबिनमध्ये बसवून स्वतःच्या हाताने कॉफी दिली, तेव्हाच विषय माझ्या लक्षात आला. जुबैलच्या कारखान्यात ते सौदीकरणाचे, म्हणजे परदेशी माणसांच्या जागी सौदी माणसे नेमण्याचे, दिवस होते, आणि परदेशी माणसाला इतक्या आपुलकीने कॉफी पाजली जाई ती बहुधा एकाच कारणासाठी.

"या वर्षी तुम्ही निश्चिंतपणे रजेवर जा," ते म्हणाले. "छोटे शटडाउन तुमच्या हाताखालचा आपला सौदी तरुण एकटा सांभाळेल. बघू या कसे जमते."

ते सज्जन गृहस्थ होते. पुढचे वाक्य त्यांनी माझ्यावर सोपवले, आणि मी ते मनात पूर्ण केले: शटडाउन वेळेत पार पडले तर माझी जागा त्या तरुणाची आणि आमची परतीची बांधाबांध, नाही पडले तर आणखी एक-दोन वर्षे मी.

शटडाउन म्हणजे कारखान्याचा एखादा विभाग ठरवून बंद करायचा, यंत्रे उघडायची, धुवायची, दुरुस्त करायची आणि ठरलेल्या दिवशी पुन्हा चालू करायची. कोणते काम कोणाच्या आधी, कोणती क्रेन कोणत्या सकाळी कुठे उभी राहील, याचा आराखडा करणे हा माझा व्यवसाय. उमेदीची सारी वर्षे मी संगणकाच्या पडद्यावर आडव्या पट्ट्या ओढण्यात घालवली, आणि त्या पट्ट्यांप्रमाणे माणसे खरोखर वागतात याचे मला अखेरपर्यंत नवल वाटत राहिले.

तो तरुण अल-अहसाचा. दोन वर्षे माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसून शिकत होता. मला 'उस्ताद' म्हणे. सकाळी घरून थर्मासमधून कहवा आणि आईने भरून दिलेला खजुराचा डबा आणी. एकदा समजावलेली गोष्ट त्याला दुसऱ्यांदा सांगावी लागत नसे. आपल्या जागी येणाऱ्या माणसात इतके गुण असणे सोयीचे नसते. त्याला शिकवताना आपण हात आखडता घेतला नाही, असे मी स्वतःला वरचेवर सांगत असे. इतक्या वरचेवर, की अलीकडे मला त्याचीच थोडी शंका येऊ लागली होती.

घरी येऊन मी पत्नीला सारे सांगितले. आमच्या आजवरच्या रजा नाशिकला गेल्या होत्या: गच्चीची गळती, भाच्यांची लग्ने, दातांचे डॉक्टर, आणि ज्यांच्याकडे जेवायला न गेल्यास वर्षभर राग राहतो अशी माणसे. तिने भाजी चिरता चिरता ऐकून घेतले.

"कायमचंच परत जायचं असेल, तर नाशिक कुठे पळून जात नाही," ती म्हणाली. "या वेळी आपण नेपाळला जाऊ."

"नेपाळच का?"

"तिथे आपलं कुणी राहत नाही."

मी स्वभावानुसार आराखडा केला. पशुपतिनाथ, भक्तपूर, स्वयंभू, मनकामना, पोखरा, मुक्तिनाथ. प्रत्येकाची एक पट्टी, एक रंग. पत्नीने चष्मा लावून तो कागद वाचला.

"पशुपतिनाथाला दीड तास. यात प्रत्यक्ष देवासमोर उभं राहायला किती?"

"रांग धरून आहे ते."

"आणि रांग लांब असली तर?"

"तर भक्तपूर पुढे सरकेल."

"शहर सरकेल?" असे म्हणून तिने कागद परत दिला.

ऑफिसात तो आराखडा त्या तरुणानेही पाहिला. पट्ट्यांवरून बोट फिरवीत शेवटपर्यंत गेला, पुन्हा मागे आला आणि म्हणाला, "उस्ताद, यात फ्लोट कुठे आहे?"

फ्लोट म्हणजे दोन कामांच्या मध्ये राखलेला मोकळा वेळ. अडचण आली तर ती त्याने गिळावी म्हणून. तो ठेवल्याशिवाय आराखडा पुढे पाठवायचा नाही, हे त्याला मीच शिकवले होते.

"ही सुट्टी आहे," मी म्हणालो. "सुट्टीत अडचणी येत नाहीत."

त्याने विनयाने कागद मला परत दिला.

दम्मामहून निघालेले विमान घरी जाणाऱ्या नेपाळी कामगारांनी भरलेले होते. जवळजवळ प्रत्येकाच्या सामानात, पारदर्शक पिशवीत कोंबलेले, वाघाच्या चित्राचे जाड ब्लँकेट होते. कोणी दोन वर्षांनी मुलाला पाहणार होता, कोणी प्रथमच. केवळ देवळे पाहायला निघालेले बहुधा आम्ही दोघेच, आणि विमान उतरताना सगळे खिडक्यांकडे झुकले तेव्हा आम्हीही संकोचाने झुकलो.

काठमांडूत मिळालेला टॅक्सीचालक सौदीतल्याच अबकैकला परांच्या बांधण्याचे काम करून परतलेला निघाला. आम्ही सौदीहून आलो हे कळताच त्याने मला 'मुदीर', म्हणजे मोठा साहेब, करून टाकले. मी साहेब नाही, हे त्याला सांगून पाहिले.

"अबकैक में जो बैठ के काम करता था, सब मुदीर था," तो म्हणाला. "आप बैठ के करते हो?"

"हां."

"तो फिर? यल्ला, चलो, मुदीर."

पशुपतिनाथाच्या मंदिरात चामड्याची वस्तू नेता येत नाही. पट्टा आणि पाकीट चालकाच्या हवाली करून, एका हाताने पँट सावरीत मी रांगेत उभा राहिलो. समोर सोनेरी पत्र्याने मढवलेला नंदी. इतका प्रचंड की आत शिरताना प्रथम त्याची पाठच दिसते. खाली बागमतीच्या घाटावर चिता जळत होत्या, वर छपरावर माकडे कुणाच्या तरी केळ्यांवरून भांडत होती, आणि या दोहोंच्या मधून आमची रांग सरकत होती. पत्नीने घंटा वाजवली. मग पुन्हा वाजवली. मागच्या बाई खोळंबल्या तरी तिचा हात घंटेवरून निघेना.

सौदीत उघड पूजा करता येत नाही, म्हणून जुबैलच्या घरात आमचे देव शयनगृहातल्या कपाटात, इस्त्रीच्या कपड्यांच्या वरच्या खणात असतात. तिथे घंटा नाही, आरतीही ओठांतल्या ओठांत. इतक्या वर्षांत मला मनातल्या मनात मागण्याची सवय जडली होती, आणि त्या सवयीनेच घात केला. मोठ्याने म्हणावे लागले असते, तर मी ते खचितच मागितले नसते.

चतुर्मुख लिंगाचे दर्शन चार दारांतून होते. पहिल्या दारापाशी मी सर्वांसाठी आरोग्य मागितले. दुसऱ्यापाशी पुण्यातल्या आमच्या मुलीसाठी बरीशी नोकरी. तिसऱ्या दारापाशी पोहोचलो तेव्हा मागण्यासारखे काही उरले नव्हते, आणि त्या रिकाम्या मनात ते वाक्य आपोआप उमटले: देवा, शटडाउनला दोन शिफ्टचा उशीर होऊ दे. त्याला लागूनच, कारखान्यात एखाद्या कामाचा परवाना भरताना लिहितो तशा, मी अटीही घातल्या. कुणाला इजा नको. आग नको, वायूची गळती नको. यंत्रांचे नुकसान नको. केवळ उशीर. चौथ्या दारापाशी पुजाऱ्याने माझ्या कपाळाला गंध लावले, आणि मंजुरीचा शिक्का बसावा तसे ते मला गार लागले.

बाहेर येऊन मी पट्टा बांधत होतो, तेव्हा चालकाने विचारले, "क्या माँगा, मुदीर? यहाँ का माँगा खाली नहीं जाता. मैंने सऊदी माँगा था, तीन महीने में वीज़ा आ गया."

तोवर मी जे केले ते मला केवळ एक चुकार विचार वाटत होते. आता ते पोहोचण्याची शक्यता निर्माण झाली.

भक्तपूर हे विटांचे आणि लाकडी कोरीवकामाचे शहर. तिथल्या खिडक्या बाहेर पाहण्यासाठी नसून बाहेरच्यांनी पाहण्यासाठी आहेत, इतके त्यांवरचे काम बारीक. कुंभारांच्या चौकात शेकडो मडकी उन्हात मांडलेली असतात आणि त्यांच्या मधून शेळ्या एकही न पाडता चालत जातात. हे सारे मला आज आठवते. त्या दुपारी मात्र माझे लक्ष कशातच नव्हते. चौकाच्या कडेला मातीच्या वाडग्यात ते लोक गोड, घट्ट दही देतात, त्याला दह्यांचा राजा म्हणतात. ते खाताना मी पत्नीला सांगून टाकले.

तिने चमचा खाली ठेवला. "त्या पोराचं वाईट चिंतलंत?"

"वाईट नाही. उशीर."

"त्याची आई दर आठवड्याला आपल्यासाठी खजूर पाठवते."

"आईचा यात काय संबंध?"

"देवाने ऐकलं तर येईल ना संबंध. मागे घ्या ते."

"ते कसं घेतात?"

"जसं मागितलंत तसं."

पशुपतिनाथाला परत जाता येते का, असे मी चालकाला विचारले. वाटेत मिरवणूक होती, रस्ता बंद होता. आणि दुसऱ्या दिवसाच्या पट्टीत दुसरे होते. तेव्हा इथेच एखाद्या देवाच्या कानावर घालावे म्हणून मी चौकातले पाच छपरांचे उंच मंदिर गाठले. त्याच्या पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंना दगडी रक्षकांच्या जोड्या आहेत: तळाशी मल्ल, त्यांच्यावर हत्ती, मग सिंह आणि त्याहूनही वरचढ कोणी कोणी, प्रत्येक जोडी खालच्या जोडीपेक्षा दसपट बलवान, असे तिथे मानतात. त्या सर्वांच्या नजरेखालून धापा टाकीत वर पोहोचलो, तर दार बंद. आत फक्त पुजारी जातात.

"काय झालं?" खाली उतरल्यावर पत्नीने विचारले.

"खिडकी बंद आहे."

दुसऱ्या सकाळी स्वयंभूच्या टेकडीवर स्तूपाभोवतीची प्रार्थनाचक्रे फिरवताना आणखी एक विचार सुचला. आमच्याकडे वॉल्व्ह घड्याळाच्या दिशेने फिरवला की बंद होतो, उलट फिरवला की उघडतो. चक्रे मात्र घड्याळाच्या दिशेने फिरवली की प्रार्थना सुटते. मग बंद करायची असेल तर? पहिल्या चक्रावर उलट्या दिशेने हात ठेवतो न ठेवतो, तोच एका वृद्ध भिक्षुणीने माझे मनगट धरून हात योग्य बाजूला नेला, आणि मी पुन्हा चुकतो की काय हे पाहण्यासाठी सगळी फेरी माझ्यामागून चालली.

शटडाउन सुरू झाले होते. नेपाळचे घड्याळ सौदीच्या पावणेतीन तास पुढे, आणि तो वरचा पाऊण तास माझ्या हिशेबात बसत नसे. आता रात्रपाळी उतरली असेल, आता पहिली क्रेन लागली असेल, असे अंदाज मी बांधत राही आणि दर वेळी चुके. फोन वाजत नव्हता. न वाजणे म्हणजे काम सुरळीत, हे मी जाणत होतो. त्याने मला आनंद व्हायला हवा होता.

मनकामनेला केबल कारने वर जातात. आमच्या पुढच्या पाळण्यात काही माणसे आणि बोकड होते. बोकडांना वर जाण्याचेच तिकीट असते, परतीचे नसते.

"बोकडाचं फायनल एक्झिट," मी पत्नीला म्हणालो, "आणि आपलं एक्झिट-रीएन्ट्री." सौदीतून रजेवर निघताना पासपोर्टवर परत येण्याची मुभा असते; कायमचे निघताना नसते. तिकडे राहिलेल्यांत हा विनोद चालतो.

"आपलं तरी काय ठरलंय?" ती म्हणाली, आणि डोंगराकडे पाहत राहिली.

ही देवी मनातली इच्छा पुरी करते असा तिचा लौकिक, नावच ते. त्यामुळे तिच्यापुढे जायची मला धास्ती वाटत होती. मागणी रद्द करायची तर आधी ती पुन्हा उच्चारायला हवी, आणि देवीने पहिले अर्धे वाक्य ऐकून पुढच्या भक्ताकडे लक्ष वळवले तर? अखेर मी मागणीचा उल्लेखच टाळला. त्या तरुणाचे नाव घेतले, त्याच्या वडिलांचे आणि आजोबांचे घेतले, गाव सांगितले, आणि "याचं काम वेळेत होऊ दे" एवढेच म्हणालो. मनात भलते काही शिरू नये म्हणून मोठ्याने म्हणालो. ते लांबलचक अरबी नाव ऐकून मागचे गृहस्थ टोपी सावरीत पुढे डोकावले. आपल्यासाठी असा नवस बोललेला त्या तरुणाला चालेल का, हा प्रश्न मला फार उशिरा, उतरत्या पाळण्यात सुचला.

पत्नी देवीसमोर बराच वेळ उभी होती.

"तू एवढं काय मागत होतीस?" मी विचारले.

"सांगितलं तर फळत नाही म्हणतात."

"मी नाही का तुला सांगितलं?"

"तुमचं फळू नये म्हणून सांगितलंत." मग म्हणाली, "घरी जायचं मागितलं."

खाली त्रिशूली नदी दोरीएवढी दिसत होती. "म्हणजे माझ्या विरुद्ध," मी म्हणालो.

"तुम्हाला बरोबर घेऊनच मागितलं. विरुद्ध कसं?" तिचा स्वर अगदी साधा होता. "तुमची बस संध्याकाळी येते. मुलगी पुण्याला गेल्यापासून दिवसभर मी कुणाशी बोलते, सांगा बरं."

"कुणाशी?"

"कपाटातल्यांशी. तेही हळू आवाजात."

इतकी वर्षे माझी नोकरी टिकणे म्हणजे आमच्या घराचे भले, असे मी धरून चाललो होतो. हे कोणी ठरवले होते, असा प्रश्न त्या पाळण्यात बसून स्वतःला विचारला, तेव्हा ठरवणारा मी एकटाच आढळलो. ते मी तिला सांगितलेही. ती म्हणाली, "आता त्याचंही प्रायश्चित्त काढू नका. मुक्तिनाथापर्यंत पोहोचायचंय आपल्याला."

पोहोचलो मात्र नाही. पोखऱ्याहून डोंगरात जाणारी छोटी विमाने वाऱ्याच्या मर्जीने उडतात, आणि आमच्या सकाळी वारा फिरला. उड्डाण रद्द झाले. उद्या जागा मिळेल, असे खिडकीतल्या मुलीने सांगितले. पण माझ्या आराखड्यात उद्या परतीची पट्टी होती आणि तिच्याआधी तासाभराचीही फट नव्हती. दीड आठवडा मी ज्या एका यात्रेची पत्नीला स्वप्ने दाखवली, ती माझ्याच कागदाने घालवली. पहाटेपासून स्वेटर घालून बसलेली ती, स्वेटर काढून नीट घडी करू लागली.

तेवढ्यात फोन वाजला. अल-अहसाचा तरुण.

"उस्ताद, रजेत त्रास देतो. आपण एक शिफ्ट मागे पडलो."

मी आधी विचारले, "माणसे ठीक आहेत?"

"सगळी ठीक. मोठ्या क्रेनच्या तपासणीची मुदत संपली होती, फाटकावर अडवली. दुसरी येईपर्यंत मी पलीकडचे दोन हीट एक्स्चेंजर आधी उघडून घेतले. नाही तर तीन शिफ्ट गेल्या असत्या. बरोबर केले ना?"

मी असतो तर क्रेनची वाट पाहत चिडून बसलो असतो; हे एक्स्चेंजर आधी घेण्याचे मला सुचलेच असते असे नाही. "बरोबर केलेस," मी म्हणालो. "आता काय विचारायचे आहे?"

"काही नाही." तो जरा घुटमळला. "तुम्हाला विचारले नाही, असे व्हायला नको."

फोन ठेवून मी पत्नीला सारे सांगितले. तिने स्वेटर पिशवीत घातला. "ज्याला तुम्ही उशीर मागितलात, तो तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून फोन करतोय," ती म्हणाली. "चला, तळ्यावर जाऊ."

फेवा तलावाच्या मधोमध बेटावर देवीचे छोटे देऊळ आहे. नावेतून आम्ही तिथे गेलो. ढग उघडले होते. पाण्यात शिखरांची शुभ्र सावली पडली होती आणि नावाडी ती वल्ह्याने पुन्हा पुन्हा मोडत होता. देवळात मी काहीच मागितले नाही. रद्दही काही केले नाही. पत्नीने घंटा वाजवली, मग माझा हात धरून माझ्याकडूनही वाजवून घेतली.

जुबैलला परतल्यावर पहिल्याच सकाळी व्यवस्थापकांनी बोलावले. पुन्हा कॉफी.

"एक शिफ्ट," ते प्रसन्नपणे म्हणाले. "फक्त एक शिफ्ट उशीर. मागच्या वेळी आपल्याला किती झाला होता?"

मागच्या वेळचे शटडाउन माझे होते, आणि उशीर दोन दिवसांचा. मागितलेले अंशतः पदरात पडले होते, आणि त्याने माझे काहीही साधले नव्हते.

"मबरूक," मी म्हणालो, म्हणजे अभिनंदन. ते मी मनापासून म्हणू शकलो, याचे मला स्वतःलाच बरे वाटले.

त्यांनी पुढचे ओझे हलक्या हाताने ठेवले. जागा त्या तरुणाची झाली होती. काम सोपवून द्यायला किती आठवडे लागतील, ते मीच लिहून द्यायचे होते; तेवढे आठवडे माझी नोकरी. "घाई नाही," ते म्हणाले. "तुम्ही लिहाल तो आकडा मी मान्य करीन."

माझ्या टेबलापाशी तो तरुण माझी खुर्ची रिकामी ठेवून आपल्याच जुन्या खुर्चीवर बसला होता. त्याला सारे ठाऊक होते. तो माझ्याकडे पाहत नव्हता. कप भरून त्याने माझ्यापुढे सरकवला.

"बारा लिहा, उस्ताद," तो म्हणाला.

"बारा आठवडे कशाला? तुला सगळे येते."

"मला येते. तुम्ही बारा लिहा."

या चांगुलपणापुढे मला गप्प बसवेना. पशुपतीच्या तिसऱ्या दारापाशी काय मागितले, ते मी त्याला सांगितले; अटींसकट. त्याने मान खाली घालून ऐकले.

"किती उशीर मागितलात?"

"दोन शिफ्ट."

"झाला एकच."

"नंतर तीन ठिकाणी रद्द करायला गेलो होतो."

माझे आकडे तपासताना त्याच्या चेहऱ्यावर येई ते गांभीर्य आता आले. "म्हणजे अर्धे रद्द झाले," तो म्हणाला, आणि मग त्याला हसू आवरेना. मलाही हसू येईपर्यंत तो हसत होता. शेवटी डोळे पुसून म्हणाला, "उस्ताद, क्रेनचा कागद तुम्ही विमानात बसण्याच्या आधीच मुदतबाह्य झाला होता. तो मी पाहायला हवा होता. ती चूक माझी आहे. तुमच्या देवाला त्यात ओढू नका, आणि स्वतःलाही." मग लगेच, "आता लिहा. बारा."

"चार."

"दहा."

"पाच. यापुढे तू मला शिकवू लागशील."

एवढ्यात पत्नीचा फोन आला. मी कानाशी धरला.

"काय झालं?"

"झालं. फक्त किती आठवडे ते लिहायचंय. हा दहा म्हणतोय."

"त्याला द्या फोन."

मी दिला. त्याचे हिंदी बेताचे, तिचे इंग्रजी बेताचे. तो उठून उभा राहून "येस, खाला" आणि "नो, खाला" म्हणत होता. त्यांच्या भाषेत मावशीला खाला म्हणतात. थोड्या वेळाने त्याने फोन मला परत केला, समोरचा कागद स्वतःकडे ओढला, आणि नाराजीने त्यावर सहा लिहून सहीसाठी माझ्यापुढे ठेवला.